पांढऱ्या होस्टात हिरवा फुटवा आलाय, कापू का?

सावलीप्रेमी: माझ्याकडे पँडोराज बॉक्स आहे, तो बुटका होस्टा (सावलीत वाढणारं, पानांच्या शोभेसाठी लावतात ते रोप), पान मधे पांढरं आणि कडेला हिरवं. झाडाखाली सावलीत लावलाय पण वाढतच नाहीये, आणि आता एका बाजूने सगळी हिरवी, चांगली मोठी पानं यायला लागलीत. ती बाजू एकदम तरारलीय आणि पांढरी बिचारी आहे तेवढीच. हिरवी पानं खुडून टाकू का? आणि जरा उन्हात हलवला तर?

मातीतले_हात: नुसती पानं खुडून काही होणार नाही, परत येतील. ही जात बेबी बंटिंग नावाच्या साध्या हिरव्या होस्टातूनच निघालीय, त्यामुळे मूळ रंगावर जायची सवय असतेच तिला. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही म्हणजे तो अन्नच बनवत नाही, सगळा भार त्या बारीक हिरव्या कडेवर, मग वाढ हळू होणारच ना. पूर्ण हिरवा फुटवा मात्र जोरात वाढतो आणि दोन-तीन सीझनमधे पांढऱ्याला गिळून टाकू शकतो. माती बाजूला करून तो फुटवा कुठून निघतोय ते बघा आणि धारदार सुरीने बुडापासून मुळासकट वेगळा काढा. सकाळचं कोवळं ऊन चालेल, उलट बरंच, पण दुपारचं नको, पांढरा भाग करपून कागदासारखा होतो.

पानवेडा: सुरी लावायच्या आधी पानं नीट बघा हां. अख्खं पान स्वच्छ हिरवं असेल तर टेन्शन नाही. पण शिरांच्या बाजूने शाई फुटल्यासारखे डाग असतील किंवा पान आक्रसलेलं असेल तर होस्टा व्हायरस एक्स असू शकतो. त्याला औषध नाही, अख्खं झाड उपटून कचऱ्यात, कंपोस्टमधे पण नको. रसातून पसरतो म्हणून प्रत्येक झाडानंतर सुरी निर्जंतुक करायची.
आणि झाडाखाली लावलाय म्हणता तर मोठ्या झाडाची मुळं सगळं पाणी ओढत असणार, एवढ्याशा होस्टाचं काय चालणार तिथे. मी तर कुंडीतच ठेवतो, गोगलगायींवर पण लक्ष राहतं. फक्त हिवाळ्यात थंडी लागू द्या, घरात आणू नका, त्याला थंडीतली विश्रांती गरजेचीच असते.

सावलीप्रेमी: डाग नाहीत, स्वच्छ हिरवी आहेत. मग काढलेला फुटवा फेकायचा का?

मातीतले_हात: फेकता कशाला, वेगळ्या कुंडीत लावा, मस्त वाढेल. फक्त त्यावर परत पांढरं येईल ही आशा सोडा.