सिक्वेन्स असून हरले, पोकरचे हात आणि बेटिंग कोणीतरी नीट समजवा

रामबागची_मधली
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, पणजोबांपासून इथलेच, आणि घरात पत्ते सगळ्यांना येतात. लहानपणी बदाम सात, झब्बू, मेंढीकोट आणि मोठं झाल्यावर दिवाळीत तीन पत्ती, तीही चिंचोक्यांवर, पैसे आजीने कधी चटईवर येऊच दिले नाहीत. यंदा बंगलोरहून आलेला मामेभाऊ म्हणाला तीन पत्ती पुरे, पोकर खेळू, टेक्सास होल्डम. आम्ही पाच जण बसलो, प्रत्येकी २०० चिंचोके. नियम त्याने दहा मिनिटांत सांगितले, की दोन पत्ते आपले झाकलेले, मध्ये आधी तीन उघडे, मग एक, मग अजून एक, आणि सातातले सगळ्यात चांगले पाच धरायचे. इथवर कळलं.

आता झालं काय ते सांगते. माझ्या हातात किलवर अठ्ठी आणि चौकट नव्वी. भावाने ४ चे ८ केले, सगळ्यांनी दिले, मीपण दिले, मध्ये ४० जमले. पहिले तीन उघडले ते बदाम पंजी, बदाम छक्की, इस्पिक सत्ती. म्हणजे पंजी ते नव्वी अख्खा सिक्वेन्स माझा! कोणाला कळू नये म्हणून मी गप्प चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, सगळ्यांनीच केलं. चौथा आला चौकट राणी, परत सगळ्यांचं चेक. पाचवा बदाम दुर्री. मग मी ३० लावले, भावाने सरळ १०० केले आणि मी लगेच तेवढे पूर्ण केले. त्याच्याकडे बदाम राजा आणि बदाम दश्शी. सगळे चिंचोके त्याने ओढून घेतले. मी म्हटलं अरे सिक्वेन्स कलरच्या (सगळे पत्ते एकाच रंगाचे) वर असतो, मामीपण माझ्याच बाजूने, पण तो म्हणतो पोकरमध्ये उलटं.

असं का? आणि हे हात लक्षात कसे ठेवायचे? दुसरं म्हणजे बेट कधी लावायची आणि कधी सोडायचं हे मला अजिबात कळत नाहीये. जानेवारीत तो परत येणार आहे आणि मला नीट शिकून बसायचंय.

पत्त्यांचा_नाद
ताई, भाऊ बरोबर आहे आणि तुम्हीही तुमच्या जागी चूक नाही, दोन वेगळे खेळ आहेत. पत्त्यांत वर-खाली ठरवायचा मूळ हिशोब एकच, जे क्वचित येतं ते वर. तीन पत्तीत एकूण हात होतात २२,१००. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ म्हणून तो वर. पाच पत्ते घेतले की हात होतात २५,९८,९६०, आणि त्यात साधे सिक्वेन्स १०,२०० पण कलर फक्त ५,१०८. निम्मे! म्हणून इथे कलर वर. कारणही सोपं आहे, सिक्वेन्सला प्रत्येक आकड्याचे चारही रंग चालतात, आणि कलरमध्ये मात्र एकेक पत्ता वाढला की एकाच रंगात राहणं दरवेळी अवघड होत जातं.

याहून मोठा धक्का पुढे आहे. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, हा सगळ्यात मोठा हात, त्याच्या वर काही नाही. पोकरमध्ये तीन सारखे हे सिक्वेन्सच्याही खाली, कारण ते ५४,९१२ प्रकारे येतात. तीन पत्तीतून येणारे बहुतेक जण इथेच सगळ्यात जास्त हरतात, तीन एक्के दिसले की डोळे मिटून लावत सुटतात. (तसं तीन पत्तीतसुद्धा ट्रेल ५२ आणि प्युअर, म्हणजे एकाच रंगाचे, सिक्वेन्स ४८, म्हणजे काटेकोर हिशोबाने प्युअर वर हवा होता, पण ट्रेलचा मान आपल्याकडे पडलेलाच आहे.)

लक्षात ठेवायला मी घरच्या पोरांना असं शिकवतो. खालून सुरू करा. काहीच नाही, मग जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, म्हणजे एक-दोन-तीन वाढत गेलं, आणि या सगळ्यांत काही पत्ते उपरे असतात. त्याच्यावर ते तीन हात ज्यांना पाचही पत्ते कामाला लागतात, सिक्वेन्स, मग कलर, मग फुल हाउस म्हणजे तीन सारखे अधिक जोडी. त्याच्यावर चार सारखे, ते फक्त ६२४. आणि माथ्यावर एकाच रंगाचा सिक्वेन्स, त्यातला दश्शी ते एक्का असेल तर रॉयल फ्लश, तो सगळ्या गठ्ठ्यात ४ च. एक्का सिक्वेन्समध्ये दोन्हीकडे चालतो, पण एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा इथे सगळ्यात छोटा सिक्वेन्स, तीन पत्तीत आपण एक्का-दुर्री-तिर्रीला जो मान देतो तो विसरा.

एक-दोन संध्याकाळी नुसते सात-सात पत्ते वाटून बसा आणि कोणाचा हात मोठा ते सांगत राहा, बेट नको काही नको. चाळीस-पन्नास वाटप झाली की डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं.

नदीपलीकडचा
वरच्या दादांनी हातांचं फार छान सांगितलंय, पण ताई, तुम्ही तो डाव रँकिंगमुळे हरला नाहीत असं मला मनापासून वाटतं. तो डाव तुम्ही पहिल्या चेकलाच सोडलात.

बघा, पहिले तीन पत्ते उघडले तेव्हा सगळ्यात पुढे तुम्ही होतात. भावाकडे तेव्हा काहीच नव्हतं, राजा हाय, म्हणजे नुसता राजा मोठा. पण बदाम चार झाले होते त्याचे, दोन हातात दोन मध्ये, आणि गठ्ठ्यात अजून ९ बदाम शिल्लक. त्याला न दिसलेले पत्ते ४७, म्हणजे पुढच्याच पत्त्यावर कलर व्हायचा चान्स ९ भागिले ४७, साधारण १९ टक्के. आणि दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर जवळपास ३५ टक्के. तुम्ही दोनदा चेक करून त्याला दोन्ही पत्ते फुकट दाखवलेत.

आता समजा मध्ये ४० असताना तुम्ही ३० लावले असते आणि बाकीचे उठले असते. भावाला ३० टाकून ७० जिंकायचे, एकूण १०० मध्ये त्याचे ३०, म्हणजे त्याला ३० टक्के चान्स हवा आणि आहे १९. तो आला तरी तोट्यातच येतोय, आणि हेच आपल्याला हवं. तेच तुम्ही फक्त ५ लावले असते तर ५ टाकून ४५ जिंकायचे, १० टक्केच लागतात, मग त्याने आलंच पाहिजे. याला पॉट ऑड्स म्हणतात (पॉट म्हणजे मध्ये जमलेले चिंचोके) आणि पूर्ण बेटिंगचा पाया हाच आहे, की आपल्याला किती द्यावे लागतायत, मिळणार किती, आणि आपला चान्स किती. घाईत हिशोबासाठी सोपी युक्ती, आपल्याला हवे असलेले पत्ते मोजा, एक पत्ता यायचा असेल तर दुप्पट करा, दोन यायचे असतील तर चौपट. ९ पत्ते म्हणजे १८ नाहीतर ३६ टक्के, खऱ्याच्या अगदी जवळ. फक्त चौपटवालं गणित तेव्हाच धरा जेव्हा मध्ये परत पैसे, म्हणजे चिंचोके, द्यावे लागणार नाहीत.

मोठा हात लपवायची सवय तीन पत्तीतून येते, तिथे पत्ते बदलत नाहीत ना, हातात आलं ते आलं. इथे प्रत्येक उघड्या पत्त्याने चित्र बदलतं. मध्ये दोन एका रंगाचे दिसले की चांगल्या हाताने लगेच लावायचं, अर्ध्या पॉटपेक्षा जास्त लावायचं. आणि शेवटी तिसरा बदाम पडला तेव्हा? तिथे तुमचे ३० लावणं ठीक, पण त्याने १०० केल्यावर मिनिटभर थांबायचं. इतका वेळ गप्प असलेला माणूस तिसऱ्या बदामावर एकदम जागा झाला, याचा अर्थ बहुतेक वेळा त्याचा कलर झाला असाच असतो.

सुरुवातीचे दोन पत्ते कुठले खेळायचे तेही सांगतो. हातात जोडी साधारण १७ वाटपांत एकदा येते आणि एक्क्यांची जोडी २२१ मध्ये एकदा, त्यामुळे वाट बघत बसायची तयारी ठेवायची. नवीन माणसाने जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी असलेच हात खेळावेत, बाकीचे निमूट टाकावेत. अठ्ठी-नव्वी वेगवेगळ्या रंगाची असेल तर फक्त शेवटी बोलायची पाळी असताना आणि स्वस्तात. शेवटी बोलणं हा फार मोठा फायदा आहे, सगळ्यांनी काय केलं ते बघून आपण ठरवतो, म्हणून डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या, जागेवर (त्याची पाळी शेवटी येते) असताना थोडे जास्त हात खेळा आणि त्याच्या लगेच डावीकडे असताना कमी. आणि चांगली जोडी आली की आधीच रेज करून, म्हणजे बेट वाढवून, माणसं कमी करा. एक्क्यांची जोडी एका माणसासमोर ८५ टक्के जिंकते, चार जणांसमोर ५६ च्या आसपास येते.

लोकमान्यनगर_काका
मुलांनो, चर्चा छान चालली आहे, वाचून आनंद झाला. एक गोष्ट मात्र काकाच्या नात्याने सांगतो. हे चिंचोक्यांवरच ठेवा. शिकायच्या नादात मोबाइलवर पैसे लावून खेळायला जाऊ नका, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे आणि त्यात कौशल्याचा खेळ, नशिबाचा खेळ असा फरक ठेवलेला नाही. त्याआधी आमच्याच ओळखीत एका घराची फार वाताहत झाली, मुलगा हुशार होता, गणित चांगलं होतं, तरी झाली.

आणि चिंचोक्यांवर खेळताना एक नियम नक्की करा, संपले तर परत मिळणार नाहीत. नाहीतर सगळे प्रत्येक डावाला येतात, कोणी टाकतच नाही, आणि मग वरती जे सगळं लिहिलं आहे ते करून बघताच येत नाही. आमच्याकडे ज्याचे आधी संपतात तो सकाळी सगळ्यांसाठी पोहे-जिलबी आणतो, त्यामुळे लोक जपून खेळतात.

रामबागची_मधली
काय सुंदर सांगितलंत सगळ्यांनी! काका, परत मिळणार नाहीत हा नियम आजच घरी सांगितला. नदीपलीकडचा दादा, तो ३० आणि ७० चा हिशोब मी वहीत लिहून घेतला आणि काल भावाला फोनवर विचारलं की मी ३० लावले असते तर आला असतास का, तर म्हणाला विचार केला असता.

अजून एक शंका. दुसऱ्या एका डावात मध्ये एक्का, राजा, सत्ती, चौकी, दुर्री होतं, कलर कोणाचाच नाही. माझ्याकडे एक्का-नव्वी, वहिनीकडे एक्का-राणी. दोघींची एक्क्यांची जोडी, तरी वहिनी जिंकली. आणि एकदा दोघांचं अगदी सारखं झालं तेव्हा मामी म्हणाली ज्याच्याकडे इस्पिक तो मोठा. ते बरोबर आहे का?

पत्त्यांचा_नाद
वहिनी बरोबर जिंकली. जोडी सारखी असली की उरलेले तीन पत्ते वरून बघायचे, दोघींचा राजा सारखा, मग तिची राणी तुमच्या नव्वीच्या वर. याला किकर म्हणतात, म्हणूनच एक्का-नव्वी दिसायला छान पण धोक्याचा हात. तेच मध्ये एक्का, राजा, राणी, गुलाम, सत्ती असतं आणि वहिनीकडे एक्का-अठ्ठी असती तर दोघींचे पाच पत्ते सारखेच झाले असते, एक्का एक्का राजा राणी गुलाम, तुमच्या नव्वीला जागाच नाही, आणि पॉट अर्धा अर्धा.

मामींचं इस्पिकवालं मात्र इथे चालत नाही, पोकरमध्ये चारही रंग सारखे. बरोबरी म्हणजे वाटून घ्यायचं. वाटताना एक चिंचोका जास्तीचा उरला तर डीलरच्या डावीकडून मोजत जायचं, त्या दोघींपैकी जी आधी येईल तो तिचा.