ध्यानाचं ॲप नको, साहेबांचा पारा आवरा

कोपऱ्यातलं टेबल:
आमच्याकडे नुकताच मानसिक स्वास्थ्य सप्ताह पार पडला. ध्यानाचं ॲप फुकट, श्वासाचे व्यायाम, एक हसरे वक्ते. त्याच आठवड्यात टीममधली एक मुलगी मीटिंगमध्ये म्हणाली, दिलेल्या तारखेला काम पुरं होणार नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुम्हाला ठेवलंय कशाला?" पुढच्या मीटिंगला झाडून सगळ्यांचं काम 'वेळेत' होतं. महिनाअखेरीला काय झालं असेल ते ओळखा.

वाईट बातमी सांगणाराच झोडपला जाणार असेल तर बाकीचा सगळा देखावा. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली (२०२४). ॲप, ताण कमी करायचे वर्ग वगैरे घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा काही बरे निघाले नाहीत.

जुना फोरमन:
असहमत. हल्ली आवाज जरा चढला की लगेच 'टॉक्सिक'! चूक दाखवायचाच मला पगार मिळतो, मी समुपदेशक नाही. आणि आम्हालाही वरून बोलणी बसतात, त्यावर धागा कोण काढणार?

रात्रपाळी:
फोरमनसाहेब, लाड करा असं कोणी म्हणत नाहीये. संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त निघाल्या! नंतर उलगडा झाला, की तिथे चुका दडवल्या जात नव्हत्या. १९९९ मध्ये एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीमवर त्यांचा शोधनिबंध आला, तिथून 'मानसिक सुरक्षितता' (म्हणजे चूक किंवा अडचण न घाबरता बोलता येणं) हा शब्द सगळीकडे गेला.

मी स्वतः वॉर्डात आहे. एकदा चुकीचं औषध द्यायच्या बेतात होते, शेवटच्या क्षणी लेबल वाचलं. इनचार्ज सिस्टरना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "पेशंट ठीक आहे ना?" मग, "कुठल्या बाटलीशी गल्लत झाली?" दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, शेजारी शेजारी. त्याच दिवशी एक दुसऱ्या कप्प्यात गेली. आधीच्या नोकरीत अशीच गोष्ट मी गिळली होती. तिथल्या बाटल्या बहुधा अजून शेजारीच असतील.

जुना फोरमन:
बाटल्यांचं पटलं. पण एकच माणूस तीच चूक तिसऱ्यांदा करतो, त्याचं काय?

रात्रपाळी:
त्याला बाजूला घेऊन खडसावा की. अमेरिकेत १९७६ पासून नासा विमान क्षेत्रासाठी गोपनीय तक्रारपेटी चालवते. अनवधानाने नियम मोडला आणि दहा दिवसांत कळवलं, तर सहसा दंड होत नाही. मुद्दाम मोडला तर माफी नाही. भेद इथे करायचा.

दोन्ही डगरींवर:
धागाकर्त्यांनो, ॲपवाल्यांना इतकं झोडू नका. माझे साहेब देवमाणूस, तरी मला पॅनिक ॲटॅक यायचे. ऑफिसने नेमलेल्या समुपदेशकांनीच मला डॉक्टरकडे पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की 'बर्नआउट' (कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाणं) हा आजार नाही, कामाशी निगडित स्थिती आहे. नैराश्य मात्र आजार आहे. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरताय. शिवाय फ्लेमिंग यांची पाहणी एका वेळची आहे. आधीच खचलेले लोकच ॲप उघडत असतील, तर ते बरे दिसणार कसे?

कोपऱ्यातलं टेबल:
शेवटचा मुद्दा बिनतोड. समुपदेशक हवेतच, ते शब्द मागे. साहेबांबद्दलचे नाही.

त्या मुलीने काल राजीनामा दिला. फॉर्मवर कारण लिहिलंय 'वैयक्तिक'. अनुभवपत्रावर सही साहेबांचीच लागते.