मल्टिपल स्क्लेरोसिसमधील जळजळ नेहमीच्या वेदनाशामकांनी का थांबत नाही?

प्रश्न: माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचा आजार) असून रात्री पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी तिचे तळपाय भाजल्यासारखे जळतात, पॅरासिटामॉलने मात्र काहीच फरक पडत नाही, असे का?

उत्तर १: इजा पायाला नसून मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरील मायलिनच्या आवरणाला झालेली असते, त्यामुळे चुकीचे संदेश वेदना म्हणून जाणवतात. अशा वेळी डॉक्टर बहुधा हे संदेश शमवणारी औषधे, म्हणजे गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन अल्प मात्रेपासून सुरू करतात. ती एकाएकी बंद करू नयेत.

उत्तर २: स्नायू ताठरल्याने होणारे दुखणे निराळे (दोन्हींची सरमिसळ फार होते), त्यावर बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारे औषध) आणि स्नायू ताणण्याचे नियमित व्यायाम उपयोगी पडतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तिच्या पोटऱ्याही पहाटे आवळतात, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या सांगेन.