मदत हवी आहे: तुराट्यांच्या कार्बनने रिॲक्टिव्ह डायचा रंग उतरत नाही (टॉवेल रंगाई, सोलापूर)

अक्कलकोटरोड_डाइंग:
नमस्कार मंडळी. टॉवेलच्या सुताची रंगाई आहे, रोज साधारण १० हजार लिटर रंगीत पाणी निघतं. रिॲक्टिव्ह डाय (सुताशी रासायनिक बंध करणारा रंग) असल्याने मीठ आणि सोडा भरपूर, पीएच १०.५ च्या आसपास. बार्शीकडून आणलेल्या तुराट्या ५ मिमीपर्यंत कुटून, वजनास वजन फॉस्फोरिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजवून, झाकणबंद डब्यात ४५० अंशांवर तासभर भाजून कार्बन केला. मिथिलीन ब्लू (कार्बन तपासायचा नेहमीचा निळा रंग) बघता बघता उतरतो. टाकीतलं पाणी मात्र लिटरला ५ ग्रॅम टाकूनही निळंच. पिंपात भरून वरून पाणी सोडलं तर दोन तासांत धार बंद. कार्बनमध्येच खोट आहे का?

पाणी_परीक्षक:
खोट कार्बनमध्ये नाही, चाचणी चुकीची निवडली आहे. मिथिलीन ब्लूचा भार धन, रिॲक्टिव्ह डायचा ऋण. ॲसिडने केलेल्या कार्बनचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, म्हणजे १०.५ पीएचला तोही पक्का ऋण. दोघं एकमेकांना ढकलणारच.

खात्री हवी असेल तर साध्या मिठाचं पातळ पाणी (लिटरला ६ ग्रॅम) सात-आठ बाटल्यांत ५०-५० मिली घ्या, पीएच ३ ते १० असा चढता लावा, प्रत्येकीत ०.१५ ग्रॅम कार्बन टाकून २४ तास हलवत ठेवा. ज्या बाटलीचा पीएच बदलला नाही तो शून्यभाराचा बिंदू, म्हणजे त्या पीएचला कार्बनवर धन-ऋण भार सारखाच. पाण्याचा पीएच त्याच्या खाली असेल तरच ऋण भाराचा रंग नीट चिकटतो. ॲसिडच्या कार्बनचा हा बिंदू बहुधा ३ ते ५ मध्ये येतो.

निळा म्हणजे टर्कॉइज असेल तर आणखी पंचाईत. तो तांब्याचा थॅलोसायनिन, रेणू मोठा, बारीक छिद्रांत शिरतच नाही.

तेव्हा सल्फ्युरिक ॲसिडने पीएच त्या बिंदूपर्यंत नाही तरी निदान ६ पर्यंत खाली आणा. सावकाश ओता, सोड्यामुळे पाणी फसफसून टाकीबाहेर येतं.

बॉयलर_मिस्त्री:
वरचं निदान बरोबर, उपाय पटत नाही. रोज १० हजार लिटरचा सोडा ॲसिडने मारायचा म्हणजे खर्च तर आहेच, पाण्यात क्षारही वाढतात. आधी हिराकस (फेरस सल्फेट) वापरा, रंग गाळात बसतो. एक-एक लिटरच्या पाच बरण्या, हिराकस ३०० ते १००० मिग्रॅ चढत्या क्रमाने. एक मिनिट जोरात, पंधरा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास निवळू द्या. पीएच ९ च्या खाली गेला तरच चुना. कार्बन त्यानंतर, उरलेल्या रंगापुरता.

आणि तो वाफेचा करा. आधी कोळसा, मग ८००–८५० अंशांवर वाफ. याचा पृष्ठभाग अल्कधर्मी राहतो, ८–८.५ पीएचलाही बरं काम करतो. उणी बाजू एकच: १०० किलो तुराट्यांतून १०–१५ किलोच हाती येतो.

धार बंद पडते ती सुताच्या तंतूंनी आणि भुकटीने. आधी बारीक जाळी, मग वाळूचा थर, आणि पिंपात ०.६ ते २.४ मिमीचेच दाणे. तुराटीचा दाणा ठिसूळ असतो, भरण्याआधी चाळून धुवून घ्या. नाहीतर सरळ भुकटी टाकीत तासभर ढवळून फिल्टर प्रेसने (दाबाने कापडातून गाळणाऱ्या यंत्राने) गाळा. तुमच्या मालाला मी तेच सुचवीन.

अक्कलकोटरोड_डाइंग:
रोज किती कार्बन धरावा? डाळिंबाची सालंही स्वस्तात मिळतात, चालतील का?

पाणी_परीक्षक:
हिराकसचा मुद्दा मान्य. हिशोब असा: हिराकसनंतर लिटरला ४० मिग्रॅ डाय उरला, तो १० वर आणायचा आणि पाण्यात १० मिग्रॅ डाय उरलेला असताना १ ग्रॅम कार्बन २० मिग्रॅ डाय धरतो असं समजू. लिटरला दीड ग्रॅम, दिवसाला १५ किलो. थेट १५० मिग्रॅच्या पाण्यात टाकलात तर तेच ७० किलो होतात. २० हा आकडा तुमच्याच पाण्यावर काढा, तोही शेवटच्या पातळ रंगाला. दाट पाण्यावर काढलेला आकडा फसवतो.

सालं कच्ची भाजली गेली तर टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य) सुटून पाणी तपकिरी होतं. कुठलाही कार्बन आधी साध्या पाण्यात तासभर हलवून गाळून पाहा. पाणी रंगलं तर भाजणी अपुरी. साखर कारखान्याच्या बॉयलरची राखही बरेच जण सुचवतील, पण तिच्यात वाळू आणि सिलिका फार.

ॲसिडचाच ठेवणार असाल तर भाजलेला कार्बन धुतल्याचं पहिलं, ॲसिड उतरलेलं पाणी आटवून पुन्हा वापरा. किलोभर काडीला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड सुमारे ७०० मिली लागतं. ते गटारात गेलं तर फॉस्फेटचं नवं दुखणं.

बॉयलर_मिस्त्री:
दोन गोष्टी राहिल्या. मीठ कार्बनने निघत नाही. विरघळलेल्या क्षारांची लिटरला २१०० मिग्रॅची मर्यादा यातून सुटणार नाही. दाट रंगाचं पहिलं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन त्याचं वेगळं पाहावं लागेल. वापरलेला कार्बन आणि हिराकसचा गाळ उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका. छपराखाली, खाली ताडपत्री घालून पोत्यांत ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात त्याची नोंद आहे का ते आधी बघा.