'अडनिडं वय' चालेल का?

मुलांच्या कादंबरीवर लिहितेय. नायिका अकरा-बारा वर्षांची आहे. 'पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर' असं लिहिलं आणि खोडलं, दवाखान्यातल्या तक्त्यासारखं वाटलं. दुसरा शब्द सुचवा. आणि असे नायक नेमके याच वयाचे का असतात?

प्रतिसाद : 'पौगंड'ची गंमत बघा. भागवत पुराणावरच्या भाष्यात एक श्लोक येतो, 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि'. पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर, मग यौवन. त्या हिशोबानं तुमची नायिका पौगंडातून बाहेर पडलीसुद्धा! मराठीत हा शब्द वरच्या वयाकडे सरकला. 'कुमार'ही सरकला, नाहीतर सगळं कुमारसाहित्य बालवाडीच्या वाट्याला गेलं असतं.

प्रतिसाद : 'वयःसंधी' कसा वाटतो?

प्रतिसाद : शब्द देखणा, पण जुन्या काव्यात तो शृंगाराच्या अंगानं येतो. मुलांच्या पुस्तकाला नको. 'वयात येणे' मुलींच्या बाबतीत पाळीशी जोडलेलं, मुलग्यांसाठी 'मिसरूड फुटणे'. दोन्हींत बदल होऊन गेलेला असतो. आपल्याला त्याच्या जरा आधीचं हवंय.

मी 'अडनिडं वय' म्हणेन. अडनिड्या वेळी आलेला पाहुणा आठवा : जेवायला वाढावं तर जेवणं आटोपलेली, चहा ठेवावा तर त्याला अवकाश. या मुलांचंही तसंच. मोठ्यांच्या गप्पांतून उठवतात, आणि धाकट्यांना सांभाळायचं म्हटलं की 'आता मोठी झालीस ना'!

तुमच्या 'का'चं उत्तरही मला यातच दिसतं. पाच वर्षांच्या मुलाला एकट्याला बाहेर सोडत नाहीत, मग साहस घडणार कुठे? सतरा वर्षांच्याला सोडतात, पण त्याचं म्हणणं थोडंफार ऐकूनही घेतात. अकरा वर्षांच्या मुलीला पाय मोकळे असतात, डोळे तीक्ष्ण असतात, फक्त तिच्या शब्दाला किंमत नसते. चोर तिनं पाहिला तरी पकडावा लागतो तिलाच. कथानकाला याहून सोयीचं वय नाही. हॅरी पॉटरला जादूच्या शाळेचं बोलावणं अकराव्या वर्षी येतं. मार्क ट्वेननं तर 1876च्या 'टॉम सॉयर'मध्ये टॉमचं वय सांगितलंच नाही. शेवटी एवढंच म्हटलं, की ही मुलाची गोष्ट आहे, आणखी पुढे नेली तर ती पुरुषाची होईल.

(वाचकांचंही बघा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आपल्याहून थोडं मोठं कुणीतरी हवं असतं. धाकट्यांच्या गोष्टी त्यांना 'बाळबोध' वाटतात.)

मूळ प्रश्नकर्ती : 'अडनिड्या वयाची नायिका' लिहिते मग. की नुसतं 'अडनिडी नायिका'?

प्रतिसाद : 'वय' गाळू नका. नाहीतर पोरगी स्वभावानंच अडनिडी वाटेल.