मदत हवी आहे: 1918 च्या कोल्हापुरातली विधवा आणि तिची गुळाची पेढी

नमस्कार मंडळी, कादंबरी लिहितेय. नायिका विधवा, शाहूपुरीत नवऱ्यामागं गुळाची अडत (दलालीवर खरेदी-विक्रीची पेढी) स्वतः चालवते. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, नख मारून प्रत सांगते. नायक इनाम जप्त झालेला, दरबारातून उतरलेला सरदार. त्यांचं लग्न लावायचंय, पण तिची पेढी मला तिच्याच हातात ठेवायचीय, त्यावर तडजोड नाही.

शाहू महाराजांचा 1917 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा माहीत आहे. ब्रिटिश मुलखातल्या 1856 च्या कायद्यात पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा, हेही. करवीर नगर वाचन मंदिरात दोनदा बसून आले, चरित्रंच हाती लागली. मोडी वाचता येत नाही.

तर करवीर (कोल्हापूर) संस्थानात अशा बाईची पेढी तिच्याकडं राहायची, की दिराकडं जायची?