'निर्णयक्षमता' की 'तारतम्य'?

प्रश्न (खानापूर) : वृद्धांची बौद्धिक क्षमता तपासणाऱ्या प्रश्नावलीचे मराठी रूप करताना 'जजमेंट' या शब्दापाशी अडलो आहे. 'निर्णयक्षमता' लिहावे, की घरोघरी बोलतात ते 'समज'?

उत्तर (बेळगाव) : माझ्या मते दोन्ही नकोत. 'निर्णयक्षमता' म्हटले की निर्णय घेण्याची धमक डोळ्यांसमोर येते, आणि ती बुद्धी खालावण्याच्या आजारात कधीकधी वाढलेलीच असते. 'समज' फार ऐसपैस आहे. ज्याला कमी ऐकू येते त्यालाही 'समजत नाही' म्हणून आपण मोकळे होतो.

माझ्या मावशींना वार, तिथी, दूधवाल्याचा हिशेब सारे बिनचूक येते. 1975 पासून वापरात असलेल्या 30 गुणांच्या चाचणीत त्यांना 27 गुण मिळाले, कारण तिच्यात काळ-स्थळाची जाण, लक्ष, आठवण, भाषा आणि एक आकृती उतरवणे एवढेच पाहतात. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला, तेव्हा तो वास जावा म्हणून त्यांनी उदबत्तीसाठी काडेपेटी उचलली. शेजारणीने हात धरला म्हणून निभावले. आणि आदल्याच दिवशी, गॅसचा वास आला तर काय कराल, असे डॉक्टरांनी विचारल्यावर 'रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडीन' असे त्यांनी घडाघडा सांगितले होते!

या उणिवेला नेमका शब्द 'तारतम्य'. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतातले तुलनेचे प्रत्यय; त्यांवरून आलेल्या या शब्दात अधिक-उणे तोलणे आहे. दुर्गंध घालवणे मोठे की आग टाळणे, हा तोल मावशींचा गेला होता, स्मरण नव्हे. म्हणून प्रश्नावलीच्या शीर्षकातही 'स्मृतिभ्रंश' घालू नये.

प्रश्न (खानापूर) : आमच्याकडचे कित्येक म्हातारे कन्नडमधला 'अरळु मरळु' (म्हातारपणी बुद्धी भ्रमणे) हा शब्द सर्रास वापरतात. तो कंसात द्यावा का?

उत्तर (बेळगाव) : देऊ नये. 'अरवत्तक्के अरळु मरळु' काय आणि आपले 'साठी बुद्धी नाठी' काय, दोन्ही म्हणी साठाव्या वर्षाचा मुक्काम ठरवूनच टाकतात (नाठी म्हणजे पळालेली), आणि मग 'वयच झाले' म्हणत दवाखाना लांबणीवर पडतो. शिवाय समोर बसलेल्या माणसाला ती शिवी वाटते. आणि तोंडी उत्तर मावशींसारखे बिनचूक येऊ शकते, म्हणून प्रश्न वृद्धांना नव्हे, सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला विचारावा : 'अलीकडे कोणत्या कामात त्यांना तारतम्य राहत नाही असे तुम्हाला दिसले?' आणि उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या सोडाव्यात.